उसवू का नको? जुन्या स्वेटरच्या लोकरीबद्दल तुमची पत्रं

गेल्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की नवी लोकर आणण्याआधी घरातले जुने स्वेटर एकदा बाहेर काढून बघा, त्यातली लोकर अजून विणण्याजोगी निघेल. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या महिन्यात दुसरे प्रश्न घेतच नाही. बऱ्याच जणींनी आधी स्वेटर उसवला आणि मग पत्र लिहिलं. उसवण्याआधी काय बघायचं ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते राहिलं, आज सांगते. सकाळचं ऊन गॅलरीत आलंय, समोर अजिंक्यतारा आहे आणि मांडीवर एक अर्धा उसवलेला करडा स्वेटर आहे. त्याच्याबद्दल शेवटी लिहीन.

ताई, सप्रेम नमस्कार. तुमचं वाचून मुलाचा निळा स्वेटर काढला. दोन वर्षांपूर्वी थंडीतल्या स्टॉलवरून घेतलेला, कुठेही विरलेला नव्हता. बाजूची शिवण कापून धागा ओढला तर दोन-अडीच हातांचा तुकडा निघाला. पुढचा ओढला, तोही तेवढाच. आता घरात निळ्या तुकड्यांचा ढीग आहे आणि मुलगा विचारतोय, माझा स्वेटर कुठे? काय चुकलं? – एक वाचक, कोरेगाव

तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही. तो स्वेटर उसवण्यासारखा नव्हताच.

कारखान्यातले स्वेटर दोन तऱ्हेने होतात. एका तऱ्हेत पाठ, पुढा आणि बाह्या मशीनवर आपापल्या आकारात विणून निघतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःची कड असते, आपण हातानं विणतो तशीच. मग ते तुकडे एकमेकांना जोडतात. दुसऱ्या तऱ्हेत आधी विणलेल्या कापडाचा लांबलचक तागा तयार करतात, त्यावर माप ठेवून शर्टासारखे तुकडे कात्रीनं कापतात आणि कडा सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक मारतात. यात प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंना आधीच कापलेली असते. विणकामात एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. तुमच्या मुलाच्या स्वेटरची पाठ चौदा-पंधरा इंच असणार, त्याच्या तिप्पट म्हणजे तुमच्या हातात आलेले ते दोन-अडीच हात. धागा तुटला नाही, तो तेवढाच होता.

हे आधी कळतं. स्वेटर उलटा करा आणि कडेची शिवण खिडकीपाशी उजेडात धरा. शिवणीवर बारीक शिलाईच्या दोऱ्यांचे वेढे दिसले आणि त्या वेढ्यांतून लोकरीची कापलेली टोकं केसांसारखी बाहेर आली असतील, तर तो स्वेटर ठेवून द्या. वापरा किंवा कोणाला तरी द्या, उसवू मात्र नका. शिवणीच्या दोन्ही बाजूंना वेणीसारखी सलग, न कापलेली कड दिसली तर पुढे जायला हरकत नाही. खांदे आणि गळा वेगळे बघा. कडा चांगल्या असल्या तरी कधी कधी खांद्याला ओव्हरलॉक असतं. तसं असेल तर वरचा वीतभर भाग सोडायचा, खालची लोकर सलग मिळते.

त्या निळ्या तुकड्यांना गाठी मारून विणायला बसू नका. दर अडीच हातांना गाठ म्हणजे स्वेटर नाही, काट्यांची वाकळ होईल. टोपीचे गोंडे करा, उरलेल्याची छोटी उशी भरा. आणि मुलाला नवा स्वेटर विणून द्या, त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

हाताचा विणलेला स्वेटर आहे, आजेसासूबाईंचा. खालच्या काठापासून उसवायला घेतला, पण धागा निघतच नाही. प्रत्येक टाक्यातून ओवून बाहेर काढावा लागतो. अख्खी दुपार गेली आणि बोटभर उसवला. – एक वाचक, वाई

जिथे विणकाम संपलं तिथून उसवायचं असतं. तुम्ही जिथे सुरू झालं तिथून घेतलंत.

विणताना प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून वर ओढलेला असतो. त्यामुळे वरून धागा ओढला की टाका खालच्या घरातून सुळकन निसटतो. खालून ओढला तर सुलट-उलटच्या बॉर्डरमध्ये धागा एकदा पुढे, एकदा मागे असा अडकलेला असतो आणि दर टाक्याला गळफास बसतो. टाके घातलेली कड शेवटी उसवते, हे लक्षात ठेवा. त्याचा एक उपयोग मिरजेच्या ताईंना सांगणार आहे.

आधी गळपट्टी, मग बाह्यांची शिवण, मग खांदे आणि कडा. शिवण कापताना घाई करू नका. दोन्ही बाजू हातानं किंचित ताणून धरल्या की शिवणीचा धागा शिडीच्या पायऱ्यांसारखा आडवा दिसतो, तेवढाच कापायचा. कात्रीचं टोक विणीत गेलं तर ओळ कापली गेलीच म्हणून समजा. तुकडे सुटे झाले की टाके बंद केलेली कड शोधा. ती आडव्या पडलेल्या साखळीसारखी दिसते. त्या साखळीच्या शेवटी विणणारीनं धाग्याचं टोक आत लपवलेलं असतं, तिथे बोट फिरवलं की बारीक जाडी लागते. तीच तुमची वाट. मुंढ्याकडून खाली याल तसा धागा मोकळा धावत येतो.

मी हे शिकले १९६७ च्या डिसेंबरात. अकरा तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. साताऱ्यात आमच्या वाड्यातली भांडी फळीवरून खाली आली, आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणात गाद्या टाकून झोपलो, कारण जमीन अधूनमधून हलतच होती. पाटणकडे घरंच्या घरं बसली होती आणि थंडी तर मी म्हणत होती. वाड्यातल्या बायकांनी आपापल्या घरातले मोठ्यांचे स्वेटर गोळा केले. नव्या लोकरीला पैसे कुठले? मोठ्या माणसाच्या एका स्वेटरात लहान मुलांचे दोन होतात, हा साधा हिशेब. आई उसवायची आणि मी तिच्यासमोर दोन्ही हात पसरून बसायचे. माझ्या मनगटांभोवती लडी चढत जायची. ओळ संपली की धागा कडेला क्षणभर अडतो आणि मग उलट्या दिशेनं धावायला लागतो. त्या अडण्याचा बारीक हिसका मला मनगटाला जाणवायचा, त्यावरून मी न बघता ओळी मोजायचे. आईचा एकच नियम होता. धागा अडला तर ओढायचं नाही. थांबायचं, कुठे गुंतलाय ते बघायचं आणि नखानं सोडवायचं. ओढलेला धागा तुटला तर निदान कळतं. तो न तुटता ताणून बारीक झाला तर कळत नाही, आणि वर्षभरानं नव्या स्वेटरला नेमकं तिथेच भोक पडतं.

समोर हात धरायला कोणी नसेल तर स्टूल उलटं करून त्याच्या चार पायांभोवती लडी घ्या. गुंडा एवढ्यात करू नका. का, ते पुढच्या पत्रात आहे.

आजी, मी सांगलीला कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. आईचा जुना गुलाबी स्वेटर उसवला. लोकर सगळी मॅगीसारखी झालीये. तशीच विणली तर काय होतं? माझी रूममेट म्हणते, विणल्यावर आपोआप सरळ होईल. – सांगली

रूममेटचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तिथेच घोटाळा आहे.

रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलीस तर सकाळी केसांना लाटा येतात ना? आणि डोकं धुतलं की त्या जातात. लोकर म्हणजे मेंढीचे केसच. वर्षानुवर्षं टाक्याच्या आकारात बसून तिनं ते वळण धरलेलं असतं. पाण्यात भिजली की ते वळण सुटतं आणि जशी वाळेल तसा नवा आकार धरते. तू तशीच वाकडी लोकर विणलीस तर आधी टाके लहानमोठे पडतील. मग पहिल्या धुण्यात रूममेट म्हणते तशी लोकर सरळ होईल आणि मापानं विणलेला स्वेटर वाढून बसेल. म्हणून आधी धुवायची, मग विणायची. भूकंपाच्या त्या दिवसांत माझ्या आईला एकेका स्वेटरची घाई होती, तरी लडी धुऊन वाळवायचा एक दिवस तिनं कधी वाचवला नाही.

पण त्याआधी ही लोकर आहे का ते बघ. एवढासा धागा चिमट्यात धर, खाली पाण्याची ताटली ठेव आणि काडी लाव. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास येईल, काडी बाजूला केली की ती आपली आपण विझेल आणि उरलेली काजळी बोटात चिरडली की पूड होईल. ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असेल तर वितळेल आणि टोकाला कडक काळा मणी तयार होईल. तो लगेच हातात धरू नकोस, भाजतं.

खरी लोकर निघाली तर खुर्चीच्या पाठीभोवती लडी घे आणि चार ठिकाणी पांढऱ्या दोऱ्यानं सैल बांध. रंगीत दोरा नको, त्याचा रंग उतरतो. दोरा लडीच्या मधून इंग्रजी आठासारखा फिरव, म्हणजे धागे एकमेकांत जात नाहीत. कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य शांपू घाल आणि अर्धा तास नुसती बुडवून ठेव. चोळायचं नाही, पिळायचं नाही, कढत पाणी नको. साबण, उष्णता आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटते आणि तिचा नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत घट्ट रुतून बसतात. मग टॉवेलात गुंडाळून दाब, आणि सावलीत काठीवर टांग. खालच्या वेढ्यात घरी मी लाटणं अडकवते, तू हँगर अडकव. त्याहून जड काही नको, नाहीतर धागा ताणलेलाच वाळतो. वाळली की बघशील, मॅगीची शेवई झालेली असेल.

मात्र गुलाबी रंग आणि आईच्या कॉलेजचा काळ म्हटल्यावर मला दाट शंका आहे की ते कॅशमिलॉन असणार, म्हणजे ॲक्रिलिकच. तेव्हा घरोघरी तेच होतं. स्वस्त, रंग टिकाऊ आणि टोचत नाही. ते नुसत्या पाण्यानं सरळ होत नाही, वाफ लागते. किटलीच्या वाफेपासून वीतभर लांब धर, सारखी हलवत राहा, वळण ढिलं पडताना डोळ्यांना दिसेल. दिसलं की थांब. इस्त्री टेकवू नकोस. मी एकदा घाईत ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली होती, फिकट पिवळी लोकर, चांगले चार गुंडे. अशी चपटी आणि लिबलिबीत झाली की पुन्हा कधी फुगली नाही. लोकरीवरची चूक पुष्कळदा धुऊन निघते, ॲक्रिलिकवर उष्णतेनं झालेली चूक कायमची.

आणि सरळ झाल्यावर आधी चार इंचांचा चौकोन विणून, धुऊन, मग मोज. आईच्या स्वेटराचे टाके मोजून त्यावरून माप धरू नकोस. तिचा हात वेगळा, तुझा वेगळा.

बाई, रामराम. मी फौजेतून रिटायर झालेला माणूस. ट्रंकेत माझी हिरवी जर्सी आहे, खांद्याला आणि कोपराला कापड लावलेली. आता अंगात येत नाही. नातू सहा वर्षांचा आहे, त्याला आजोबांच्याच जर्सीचा स्वेटर पाहिजे. मंडळी उत्तम विणतात, पण जर्सी उसवायला धजत नाहीत. – खटाव तालुका

भाऊ, जय हिंद. आपल्या जिल्ह्यात अशी एक हिरवी जर्सी कितीतरी घरांच्या ट्रंकेत असते. अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. तुमचं पत्र मी घरात दोनदा वाचून दाखवलं.

आधी कोरेगावच्या उत्तरात सांगितलं तशी कडेची शिवण बघा. खात्री होत नसेल तर खालच्या बाजूनं फक्त इंचभर शिवण सोडा. कड सलग दिसली तर पुढे जा, कापलेली दिसली तर तो इंच परत शिवून जर्सी आहे तशी ठेवा. तसं झालं तर मंडळींनी त्याच हिरव्या रंगाची नवी लोकर आणून विणावा आणि जर्सीचं एखादं बटण किंवा खांद्याची पट्टी त्याला लावावी. नातवाला चालेल.

उसवण्यासारखी असेल तर कापडाचे तुकडे आधी अलगद काढा. त्यांच्याखाली लोकर गर्द, नव्यासारखी दिसेल, आणि भोवतीची उन्हानं फिकी झालेली. दोन्ही रंग एकाच गुंड्यात आले तर स्वेटरवर पट्टे उठतात. म्हणून वेगवेगळ्या लड्या करा. कोपराखालचा भाग विरलेला असेल तर त्याचा मोह सोडा. सहा वर्षांच्या मुलाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला दोन-अडीचशे ग्रॅम लोकर पुरते, आणि मोठ्या माणसाच्या जाड जर्सीत त्याहून बरीच जास्त असते. घरच्या काट्यावर वजन करून बघा. नुसती पाठ आणि पुढा पुरतील. धागा बारीक वाटला तर दोन पदर एकत्र घेऊन विणायचं. ही लोकर कोवळ्या मानेला टोचते, गळपट्टी मऊ लोकरीची करायला सांगा.

आणि मंडळी धजत नाहीत ते साहजिक आहे, जर्सी तुमची आहे. पहिला धागा तुम्ही ओढा. उसवायला तुम्ही बसा, विणायला त्या.

सासऱ्यांची घोंगडी कडेला विरली आहे. तिची लोकर सुटी करून मफलर विणता येईल का? – माण तालुका

नाही. मराठीत आपण दोन्हीला विणणंच म्हणतो, म्हणून हा प्रश्न पडतो. पण घोंगडी मागावर विणलेली असते. उभ्या धाग्यांतून आडवे धागे. तिच्यात टाका नसतो, त्यामुळे निसटायलाही काही नसतं. शिवाय उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि दख्खनी मेंढीची राठ, आखूड लोकर वापरून वापरून एकमेकींत रुतून बसलेली असते. ओढाल तर हातात नुसते केस येतील. विरलेली कड जाड दोऱ्यानं काजाच्या टाक्यानं बांधून घ्या. तुमच्याच भागात घोंगड्या विणणारे आहेत, त्यांना एकदा दाखवा. चांगली घोंगडी अजून खूप वर्षं चालेल.

पांढऱ्या लोकरीच्या स्वेटरला तीन भोकं पडली आहेत, कसर लागली असं सगळे म्हणतात. ही लोकर घ्यावी का? बाकीच्या लोकरीला लागेल का? – कऱ्हाड

घ्या, पण आधी कसर मारा. नाहीतर बाकीच्या लोकरीला नक्की लागेल. भोकं पाडतो तो उडणारा पतंग नाही, त्याची अळी. तिला लोकर, केस, रेशीम, पिसं लागतात. ॲक्रिलिकला ती सहसा जात नाही, तेव्हा भोकं पडली याचा एक अर्थ असा, की तुमची लोकर खरी आहे.

स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. नुसत्या फ्रीजमध्ये नको, वरच्या बर्फाच्या कप्प्यात. मग बाहेर काढून उन्हात झटका आणि शिवणीत, कॉलरखाली ब्रश फिरवा, अंडी तिथेच असतात. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला पुढे कसर येऊ नये म्हणून ठीक, आतली अळी त्यानं मरेल या भरवशावर राहू नका. कपाटही रिकामं करून पुसा.

भोकं तीन दिसली तरी धागा जास्त ठिकाणी तुटलेला निघेल. उसवताना तो उजेडाकडे धरून बोटांतून जाऊ द्या. जिथे कुरतडून अर्धा झालाय तिथे आपणच तोडा. जोडायला गाठ नको. दोन्ही टोकांचे पदर दोन-तीन इंच उकला, प्रत्येकातले अर्धे पदर काढून टाका, टोकं एकमेकांवर ठेवा, पाण्याचं बोट लावा आणि दोन तळहातांमध्ये जोरात चोळा. हात गरम झाले की सोडा. धागा एकजीव झालेला असतो आणि कुठे जोडला ते तुम्हालाही सापडणार नाही. वर सांगलीकर मुलीला चोळू नकोस म्हटलं आणि आता तुम्हाला चोळा म्हणतेय, कारण लोकर आटण्याचा तोच गुण इथे कामाला येतो. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर मात्र अशी जुळत नाही आणि ॲक्रिलिकही नाही. तिथे धागा कडेला, ओळीच्या सुरुवातीला बदला आणि टोकं शिवणीत ओवा.

ताई, आई जाऊन दीड वर्ष झालं. तिनं १९८४ साली बाबांसाठी विणलेला किरमिजी स्वेटर माझ्याकडे आहे. बाबाही नाहीत. कोणाच्या मापाचा नाही, कपाटात पडून आहे. माझी लेक सातवीत आहे, त्या लोकरीचा तिला विणावा असं फार वाटतं. धाकटी बहीण म्हणते, आईच्या हातचं उसवायचं म्हणजे आईला पुसून टाकायचं. कात्री हातात घेते आणि ठेवून देते. तुम्ही काय कराल? – मिरज

मी उसवते आहे. सुरुवातीला लिहिलं ना, मांडीवर एक करडा स्वेटर आहे म्हणून? तो माझ्या आईनं १९७१ साली माझ्या वडिलांसाठी विणलेला आहे. मीसुद्धा तो सहा वर्षं नुसता घडी बदलून ठेवत होते.

गेल्या आठवड्यात डाव्या कडेची शिवण सोडली. आत दोन टाक्यांएवढी पट्टी होती, जिला पन्नास वर्षांत ऊन लागलेलं नव्हतं. तो करडा नाही, चक्क निळसर काळा आहे, दुकानातून आणला त्या दिवशीचा. वडिलांच्या अंगावर तो स्वेटर मी कितीदा पाहिला, पण हा रंग मी विसरले होते. पुढे पाठ उसवताना धागा संपला तो बरोबर कडेला. आई मध्ये कधीच धागा जोडायची नाही, चार बोटं टोक सोडून शिवणीत ओवायची, मीही तेच करते आणि मला वाटायचं ती माझी सवय आहे. मग मुंढ्याच्या खाली नऊ ओळी अशा लागल्या की धागा सुटेना, आवळून आवळून विणलेल्या. त्या थंडीत आजी दवाखान्यात होती आणि आई रात्री तिच्याजवळ बसायची. विणकाम पिशवीत सोबत असायचं. त्या नऊ ओळी तिथल्या असणार. हे सगळं त्या स्वेटरात होतं आणि घडी करून ठेवला होता तोवर मला दिसलं नव्हतं.

तुमच्या बहिणीला एकटीनं पत्र लिहून समजावू नका. तिला बोलवा. एकीनं उसवायचं, दुसरीनं हात धरायचे. त्याआधी स्वेटर पसरून पुढून-मागून फोटो काढा, इंचाला टाके किती आणि ओळी किती ते लिहा, नक्षी असेल तर चौकटीच्या कागदावर उतरवून घ्या. ती आईची पद्धत, ती बहिणीकडे राहू दे.

आणि वाईच्या उत्तरात मी म्हटलं होतं ते आता ऐका. स्वेटर वरून उसवत येतो आणि आईनं घातलेले पहिले टाके अगदी शेवटी राहतात. तिथपर्यंत जाऊच नका. बॉर्डर संपून वर साधी वीण सुरू होते तिथे थांबा. मोकळे झालेले टाके एकेक करून सुईवर घ्या. बाकीची लोकर धुऊन, वाळवून, गुंडे करून आणा आणि त्या बॉर्डरवरूनच वर विणायला लागा. बाबांच्या मापाचे टाके लेकीला जास्त होतील. पहिल्या सुईला दर चार टाक्यांमधले दोन टाके एकत्र विणा, म्हणजे पाव टाके कमी होतील. बॉर्डर मुळातच आकसलेली असते, त्यामुळे ती झालरीसारखी पसरत नाही. फार सैल पडली असेल तर उसवण्याआधीच कोमट पाण्यात भिजवून, बोटांनी आवळून सपाट वाळवा. बाह्यांच्या बॉर्डरही तशाच ठेवता येतील.

टाके सुईवर घेताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला आला पाहिजे, तेवढं बघा. उलटा घेतला तर टाका पिळलेला राहतो. जुन्या धाग्यातले टाके लवकर निसटतात, म्हणून आधी एक नंबर बारीक सुईवर घ्या, उन्हात बसून, आणि हात धरायला बहीण असताना.